घोड्यांच्या चालीवर उभी राहिलेली सराई

पेनसिल्व्हेनियात फोर्ट नेसेसिटीजवळ, महामार्ग क्रमांक ४० च्या कडेला, विटांची एक जुनी देखणी इमारत आहे: माउंट वॉशिंग्टन टॅव्हर्न. तिच्या खालच्या कुरणात जुलै १७५४ मध्ये बावीस वर्षांच्या जॉर्ज वॉशिंग्टनने फ्रेंचांपुढे शरणागती पत्करली. आयुष्यात तो शरण गेला तो एवढ्या एकाच वेळी. आणि नवल असे, की पुढे हीच जमीन त्याने विकत घेतली!

१८११ मध्ये कंबरलंड गावापासून ‘नॅशनल रोड’ बांधायला सुरुवात झाली; पुढे तो याच जागेवरून गेला. अमेरिकी केंद्र सरकारच्या पैशाने झालेला हा पहिला मोठा रस्ता १८१८ मध्ये ओहायो नदीकाठच्या व्हीलिंगला पोहोचला. प्रवाशांच्या घोडागाड्या, मालाचे अवजड गाडे आणि बाजाराला निघालेली गुरेढोरे यांनी तो गजबजून गेला. घोडागाडी दिवसाला साठ-सत्तर मैल धावे, मालाचा गाडा जेमतेम पंधरा. म्हणून सरायाही दोन तऱ्हेच्या झाल्या. गाडीवान साध्या सराईत शेकोटीपाशी जमिनीवरच पथारी टाकत. घोडागाडीतले पैसेवाले उतारू माउंट वॉशिंग्टनसारख्या ठिकाणी उतरत. १८३० च्या सुमारास बांधलेल्या या सराईत ‘गुड इंटेंट’ कंपनीच्या गाड्या थांबत. पुरुष दारूच्या बारमध्ये जमत, बायका दिवाणखान्यात बसत.

किती आलो, किती उरले, हे सांगायला १८३५ च्या सुमारास रस्त्याकडेला ओतीव लोखंडाचे मैलखांब आले. त्यांची घडण पाहण्यासारखी आहे. खांबाच्या दोन बाजू तिरक्या वळवलेल्या. एकीवर पूर्वेकडच्या गावांची अंतरे, दुसरीवर पश्चिमेकडच्या. धावत्या गाडीतूनही आपल्या कामाचा आकडा नेमका नजरेस पडावा, एवढा विचार त्यामागे होता.

मग १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला रेल्वे व्हीलिंगला पोहोचली आणि रस्ता ओस पडला. १८५५ मध्ये सराई विकली गेली आणि पाऊणशे वर्षे एका कुटुंबाचे राहते घर बनली. १९३२ मध्ये राज्य सरकारने ती घेतली. आता ती राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे आणि आत संग्रहालय आहे.

रेल्वेने ओस पाडलेला हा रस्ता मोटारींनी पुन्हा जागता केला, सरायांचे दिवस मात्र परतले नाहीत. घोडे दमत होते म्हणून सराया होत्या. मोटारीला दम लागत नाही. या वाटेने कधी गेलात, तर गाडी थांबवा आणि एक तरी मैलखांब दोन्ही बाजूंनी वाचा.