उकिडवा बसलेला नववा गडी

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात, इटलीहून आलेल्या कामगारांच्या वस्तीत लॉरेन्स बेरा नावाचा मुलगा वाढला. बेसबॉल खेळताना आपली पाळी येईपर्यंत तो मैदानाच्या कडेला मांडी ठोकून, हाताची घडी घालून गप्प बसून राहायचा. सामना हरला तरी त्याची बैठक तीच. त्याच्या एका दोस्ताने नुकताच एक चित्रपट पाहिला होता आणि त्यात हिंदू योगी होता. बेराला तसं बसलेलं पाहून त्याला तो योगी आठवला आणि तिथल्या तिथे बारसं झालं. आईबापांनी ठेवलेलं नाव मागे पडलं. योगी बेरा म्हणूनच तो खेळला आणि २०१५ मध्ये गेला तेव्हा बातमीही त्याच नावाने छापून आली. न्यूयॉर्क यांकीजकडून खेळताना त्याने दहा वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली. आजवर दुसऱ्या कोणत्याही खेळाडूला ते जमलेलं नाही.

मांडी घालून बसणाऱ्या या मुलाच्या वाट्याला जी जागा आली, तिथे मात्र जन्मभर उकिडवं बसावं लागतं. ती जागा कॅचरची.

क्षेत्ररक्षणाला नऊ गडी उतरतात. आठजण मैदानभर पसरतात आणि त्यांची तोंडं फलंदाजाकडे असतात. नववा फलंदाजाच्या मागे, फाउल रेषांच्या पलीकडे, बरोबर उलट दिशेला पाहत बसतो. सगळं मैदान समोर दिसतं ते त्या एकट्याला. आपल्याला इथे विकेटकीपर आठवणार, आणि नातं आहेही. पण वेगवान गोलंदाज असला की कीपर स्टंपांपासून बराच मागे उभा राहतो, चेंडू टप्पा पडून, थोडा वेग गमावून त्याच्याकडे येतो आणि हातमोजे त्याच्या दोन्ही हातांत असतात. कॅचर बॅटच्या टप्प्यातच बसलेला असतो. पिचर साठ फूट सहा इंचांवरून ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने चेंडू टाकतो, तो टप्पा न पडता सेकंदाच्या चार दशांशात येऊन आदळतो आणि घ्यायचा असतो एकाच हातात. शिवाय गोलंदाजाने काय टाकायचं ते कीपर ठरवत नाही. पिचरने काय टाकायचं, ते बहुतेक वेळा कॅचर सांगतो.

जुन्या पद्धतीचा एकच चेंडू जवळून पाहू. कॅचर उकिडवा बसतो, उजवा हात मांड्यांच्या मधे खाली नेतो आणि बोटं दाखवतो. जुन्या रिवाजाप्रमाणे एक बोट म्हणजे सरळ वेगवान चेंडू, दोन म्हणजे वळणारा. समोरचा पिचर मान डोलावतो किंवा हलवून नकार देतो. मग कॅचर डाव्या हातातला जाडजूड मिट पुढे धरून नेम दाखवतो. फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत सतरा इंच रुंदीची एक न दिसणारी चौकट असते. त्या चौकटीच्या कडेला घासून आलेला चेंडू कॅचर असा काही अलगद घेतो की मनगट हलत नाही, मिट बाहेर वाहवत नाही आणि मागे उभ्या पंचाला चेंडू आतच वाटतो. याला फ्रेमिंग म्हणतात. याच चेंडूवर पहिल्या बेसवरचा धावपटू पळाला, तर कॅचरला बसल्या जागेवरून उठून १२७ फुटांहून थोडा जास्त पल्ला पार करणारी फेक करावी लागते. मिटमध्ये चेंडू पडल्यापासून तो दुसऱ्या बेसवर पोचेपर्यंत साधारण दोन सेकंद मिळतात. हे सगळं एका सामन्यात सव्वाशे-दीडशे वेळा, आणि उन्हाळाभर जवळजवळ रोज.

सुरुवातीच्या काळात हे काम उघड्या हातांनी चालायचं. बोटं मोडायची, नखं फुटायची, दात पडायचे. १८७७ मध्ये हार्वर्डच्या संघाचा कर्णधार फ्रेड थेयर याने तलवारबाजीच्या जाळीवरून कॅचरसाठी मुखवटा तयार केला आणि त्याचा कॅचर जेम्स टिंग याने तो घातला. लोकांनी भित्रा म्हणून हिणवलं. तीस वर्षांनी, १९०७ मध्ये, न्यूयॉर्क जायंट्सचा रॉजर ब्रेस्नाहन नडग्यांवर पॅड बांधून मैदानात उतरला. ते पॅड क्रिकेटच्या पॅडसारखे होते, म्हणजे आपल्याकडे तेव्हा जिमखान्यांवर रोज दिसणारी गोष्ट तिथे प्रेक्षकांना बायकी वाटली. टोमणे खाऊनही ब्रेस्नाहनने पॅड सोडले नाहीत आणि थोड्याच वर्षांत सगळ्यांनी ते उचलले. १९७६ मध्ये डॉजर्सचा स्टीव्ह येगर आपल्या पाळीची वाट पाहत उभा असताना सहकाऱ्याच्या फुटलेल्या बॅटच्या चिरफळ्या त्याच्या गळ्यात घुसल्या. डॉक्टरांनी नऊ तुकडे काढले. परत खेळायला आला तेव्हा त्याच्या मुखवट्याखाली गळा झाकणारी एक पट्टी लोंबत होती. कॅचरच्या अंगावरचं प्रत्येक कवच असं कोणाच्या तरी दुखण्यातून आलेलं आहे.

या सरंजामाला खेळाडू 'अडाणीपणाची हत्यारं' म्हणतात, म्हणजे शहाणा माणूस ती अंगावर चढवणारच नाही. हा शब्दप्रयोग मडी रुएल याच्या नावावर सांगितला जातो. रुएल वॉशिंग्टनचा कॅचर होता आणि शिकलेला वकील होता.

मला मात्र कॅचरच्या दुखापतींमध्ये सगळ्यात मोठी वाटते ती चेंडूने झालेली नव्हे. मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर १८८४ मध्ये टोलेडोच्या संघातून मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, खेळला. त्याचा पिचर टोनी मुलेन गोरा. पुढे अनेक वर्षांनी मुलेनने स्वतःच सांगितलं की वॉकरइतका चांगला कॅचर आपल्याला मिळाला नाही, पण तो काळा म्हणून आपण त्याच्या खुणा बघतच नव्हतो, मनाला येईल ते टाकायचो. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. कॅचर एक बोट दाखवून सरळ चेंडूसाठी बसलेला, आणि येतो वळणारा. अंगावर कवच नाही म्हणावं इतकंच. तरीही तो ते चेंडू झेलत राहिला. त्या हंगामात तो ४२ सामने खेळला. पुढच्या काही वर्षांत कृष्णवर्णीयांना दारं बंद झाली ती थेट १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनसाठी उघडली.

त्या बंद दाराबाहेर जॉश गिब्सन खेळत होता. होमस्टेड ग्रेज या कृष्णवर्णीयांच्या संघाचा कॅचर, आणि त्याने मारलेल्या लांबच लांब फटक्यांच्या कथा अजून सांगितल्या जातात. २० जानेवारी १९४७ रोजी पस्तिसाव्या वर्षी तो गेला. रॉबिन्सन मैदानात उतरला १५ एप्रिलला. तीन महिनेसुद्धा मधे नव्हते. २०२४ मध्ये मेजर लीगने कृष्णवर्णीयांच्या निग्रो लीगचे आकडे आपल्या अधिकृत नोंदींत घेतले आणि गिब्सनची कारकिर्दीची सरासरी .३७२ ठरली. टाय कॉबची .३६७ मागे पडून यादीच्या शेंड्याला एका कॅचरचं नाव आलं. हा न्याय उशिराचा आहे, पण झाला हे चांगलंच झालं. ज्या माणसाचे गुडघे रोज उकिडवं बसून कामातून जातात, त्याने फलंदाजीतही सगळ्यांच्या वर असावं, हे मला आकड्यापेक्षाही मोठं वाटतं.

गिब्सननंतर दार उघडलं आणि रॉय कॅम्पानेला आत आला. बाप इटालियन, आई कृष्णवर्णीय. ब्रुकलिन डॉजर्सचा कॅचर. १९५१ आणि १९५५ या दोन्ही वर्षी मेजर लीगमधल्या दोन लीगपैकी एकीचा सर्वोत्तम खेळाडू योगी बेरा होता आणि दुसरीचा कॅम्पानेला. न्यूयॉर्कच्या दोन संघांत दोन कॅचर, आणि दोघांकडेही हा सन्मान तीन-तीन वेळा. १९५८ च्या जानेवारीत संघ लॉस एंजेलिसला हलायच्या आधी कॅम्पानेलाची गाडी घसरून उलटली आणि खांद्याखालचं शरीर लुळं पडलं. पुढच्या वर्षी ७ मे रोजी त्याच्यासाठी डॉजर्स आणि यांकीज यांचा खास सामना ठेवला गेला. ९३,१०३ माणसं आली. त्याचा जुना सहकारी पी वी रीस त्याची चाकाची खुर्ची ढकलत मैदानात आला, स्टेडियमचे दिवे बंद केले गेले आणि त्या अंधारात हजारो लोकांनी काड्या ओढल्या. लॉस एंजेलिसकडून तो एकही सामना खेळला नव्हता, तरी ते शहर त्याच्यासाठी जमलं होतं.

कॅचरच्या उजव्या हाताचं काय करायचं, हा प्रश्न त्यानंतर सुटला. चेंडूने बॅटला निसटता लागून दिशा बदलली की पहिला बळी उघड्या अंगठ्याचा जायचा. सिनसिनाटी रेड्सच्या जॉनी बेंचने बिजागरीसारखा मिटणारा मिट वापरला, चेंडू एकाच हाताने घ्यायला सुरुवात केली आणि उजवा हात पाठीमागे लपवला. तो पहिलाच नव्हता, पण त्याचं पाहून साऱ्या देशातली पोरं तसं बसायला लागली. बेंचचा पंजा एवढा मोठा की एका हातात सात चेंडू धरल्याचे त्याचे फोटो आहेत. १९६८ पासून सलग दहा वर्षं क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह त्याच्याकडे होता.

मो बर्ग हा आणखी एक कॅचर, खेळाडू म्हणून सामान्य होता. पंधरा हंगामांत सहा होम रन. पण प्रिन्स्टनची पदवी, कोलंबियाचं कायद्याचं शिक्षण आणि कितीतरी भाषा त्याच्याजवळ होत्या. १९३४ मध्ये बेब रूथसोबतच्या संघातून तो जपानला गेला आणि टोकियोतल्या एका इस्पितळाच्या गच्चीवरून त्याने शहराचं चित्रीकरण केलं. महायुद्धात तो अमेरिकेचा हेर झाला. डिसेंबर १९४४ मध्ये झुरिकच्या एका सभागृहात तो खिशात पिस्तूल ठेवून जर्मन शास्त्रज्ञ वर्नर हायझेनबर्ग याचं व्याख्यान ऐकत बसला होता. जर्मनी अणुबॉम्बच्या जवळ आहे असं कळलं, तर हायझेनबर्गला गोळी घालायची असा त्याला हुकूम होता. तसं काही नाही असा त्याने अंदाज बांधला आणि पिस्तूल खिशातच राहिलं. समोरच्या माणसाची उभं राहण्याची ढब, नजर, हालचाल वाचून त्याच्या मनातलं ओळखायचं, हे कॅचर म्हणून त्याचं वर्षानुवर्षांचं काम होतं.

विचित्र विक्रमही याच जागेच्या वाट्याला येतात. २०२४ च्या जून महिन्यात टोरोंटोचा डॅनी जॅन्सन बॉस्टनमध्ये फलंदाजी करत असताना पावसाने सामना थांबला. पुढे त्याची बदली झाली ती नेमकी बॉस्टनच्याच संघात. ऑगस्टमध्ये तोच सामना तिथूनच सुरू झाला, तेव्हा जॅन्सनच्या अर्धवट पाळीला टोरोंटोचा बदली खेळाडू उभा होता आणि त्याच्या मागे मिट धरून स्वतः जॅन्सन बसला होता. एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून खेळलेला मेजर लीगमधला तो पहिला माणूस.

हे काम आता बदलतं आहे. २०१७ मध्ये ह्यूस्टनच्या संघाने कॅमेऱ्यातून कॅचरच्या बोटांच्या खुणा चोरल्या आणि कचऱ्याचा डबा बडवून त्या आपल्या फलंदाजांना कळवल्या. ते प्रकरण उघडकीला आलं आणि खुणांवरचा विश्वासच उडाला. २०२२ पासून कॅचर बटणं दाबतो आणि पिचरच्या टोपीत आवाज येतो. २०२६ च्या हंगामापासून पंचाच्या निर्णयाला यंत्राकडे दाद मागता येते, म्हणजे फ्रेमिंगच्या कलेलाही मर्यादा पडली. पण ती दाद मागायचा हक्क फलंदाज, पिचर आणि कॅचर या तिघांनाच दिला आहे. आणि ही जागा आता फक्त झेलणाऱ्याची राहिलेली नाही. २०२५ मध्ये सिअ‍ॅटलच्या कॅल राले या कॅचरने एका हंगामात साठ होम रन मारले.

एवढं सगळं करूनही धावफलकावर नाव पिचरचंच लागतं. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजच्या डॉन लार्सनने सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज बाद केले, एकालाही पहिल्या बेसवर पोचू दिलं नाही. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासातला असा तो एकमेव सामना. तीनच दिवसांपूर्वी याच लार्सनला दुसऱ्या डावातच बाहेर काढावं लागलं होतं. ८ ऑक्टोबरला मात्र त्याने ९७ चेंडू टाकले आणि बेराने मागितलेल्या एकाही चेंडूला नकार दिला नाही. शेवटचा फलंदाज बाद झाला आणि बेरा धावत जाऊन लहान मुलासारखा लार्सनच्या अंगावर चढला. त्या क्षणाचा फोटो अमेरिकेत घराघरात माहीत आहे.

पुढे बेराला यांकीजच्या मालकांनी व्यवस्थापकपदावरून काढलं आणि चौदा वर्षं त्याने त्यांच्या मैदानात पाऊल टाकलं नाही. समेट झाल्यावर १८ जुलै १९९९ हा दिवस त्याच्या सन्मानाचा ठरला. सामन्याआधी मानाचा चेंडू लार्सनने टाकायचा आणि बेराने झेलायचा. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बेराकडे आता मिट असायचं काही कारण नव्हतं. त्याने यांकीजचा त्या दिवशीचा कॅचर जो जिरार्डी याचा मिट मागून घेतला, लार्सनचा चेंडू झेलला आणि मिट परत दिला. तोच मिट घालून जिरार्डी पिचर डेव्हिड कोनच्या समोर बसला. कोनने त्या दुपारी ८८ चेंडू टाकले. माँट्रियलचे सत्तावीस फलंदाज आले आणि सत्तावीसच्या सत्तावीस बाद झाले.