ऑलिंपियाची तिथी

म्हापशाजवळच्या पेडे येथील क्रीडासंकुलामुळे मोठमोठ्या स्पर्धांच्या गोष्टी बार्देश, पेडणे आणि डिचोली या महालांतील तरुणांच्या बोलण्यात सहज येऊ लागल्या आहेत, आणि त्याबरोबरच काही गैरसमजही रूढ झाले आहेत.

पहिला गैरसमज आपल्या घरचाच आहे. जानेवारी 2014 मध्ये गोव्यात झालेली लुसोफोनिया स्पर्धा पोर्तुगीज अमदानीच्या आठवणीखातर पोर्तुगाल सरकारने भरवली, असे अनेकांस वाटते. वस्तुतः पोर्तुगीज भाषेशी इतिहासाने जोडलेल्या देशांच्या ऑलिंपिक समित्यांनी 2004 साली स्थापलेल्या संघटनेची ही स्पर्धा असून मकाव (2006) आणि लिस्बन (2009) यांच्यानंतर यजमानपद गोव्याकडे आले, व पदकतालिकेत भारतच अग्रभागी राहिला.

दुसरा समज असा की, अशा सर्व स्पर्धा प्राचीन ग्रीसमधील ऑलिंपियापासून अखंड चालत आल्या. इ.स. 393 च्या सुमारास रोमन सम्राट थिओडोसियसच्या अमलात जुनी देवकार्ये व त्यांबरोबर ऑलिंपियाची स्पर्धाही बंद पडली आणि अथेन्सची आधुनिक स्पर्धा 1896 साली झाली. मध्ये पंधरा शतके लोटली. मॅरेथॉन शर्यत प्राचीन ऑलिंपियात कधीच नव्हती, ती 1896 ची. ऑलिंपियाहून ज्योत धावत नेण्याची प्रथा तर 1936 च्या बर्लिनची.

ऑलिंपियाच्या उत्सवकाळात सगळ्या ग्रीसमधील युद्धे थांबत, हा समज सर्वांत हृद्य आहे, म्हणूनच तो जपून तपासावा लागतो. दूत नगरोनगरी फिरून जो कौल देत, तो ऑलिंपियास येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या जीवितास व मालमत्तेस अभय देणारा आणि यजमान एलिस प्रांताचे रक्षण करणारा होता. दूरच्या रणांगणांवरील तलवारी त्याने म्यान होत नसत. हा कौल मोडल्याच्या आरोपावरून इ.स.पू. 420 मध्ये एलिसच्या कारभाऱ्यांनी बलाढ्य स्पार्टालाही दंड ठोठावला, व तो न भरल्यामुळे स्पार्टाला उत्सवात भाग घेऊ दिला नाही. पुढे इ.स.पू. 364 मध्ये मात्र स्पर्धा चालू असतानाच पवित्र आवारात लढाई जुंपली. एवढा मर्यादित कौलही शतकानुशतके बहुतांशी पाळला गेला, याचेच मला अधिक मोल वाटते.

विजेत्यास केवळ ऑलिव्हच्या पानांचा मुकुट मिळे, हे ऑलिंपियापुरते खरे. गावी परतल्यावर मात्र अथेन्ससारखी नगरे त्यास रोख इनाम आणि सरकारी खर्चाने आजन्म भोजन देत. स्त्रियांस ऑलिंपियात स्थान नव्हते, हेही अर्धेच खरे, कारण अविवाहित मुलींच्या शर्यती हेरा देवीच्या उत्सवात त्याच मैदानावर होत, आणि स्पार्टाची राजकन्या किनिस्का आपल्या घोड्यांच्या बळावर इ.स.पू. 396 मध्ये रथस्पर्धेची मानकरी ठरली.

या सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ऑलिंपियाचा सोहळा हा आधी झ्यूसचा उत्सव होता, खेळ त्याचे अंग होते. शिरगावच्या लईराईची जत्रा जशी वैशाख शुद्ध पंचमीसच भरते, तसाच तो दर चार वर्षांनी उन्हाळ्यातील पौर्णिमेशी बांधलेला असे. इ.स.पू. 480 मध्ये इराणी फौज थर्मोपिलीच्या खिंडीवर चालून आली, स्पार्टाचा राजा लिओनिदास थोडक्या शिबंदीनिशी लढत पडला, तरी तो उत्सव ठरल्या वेळी पार पडला. तारीख हलविण्याचा हट्ट पुरा झाला तो सम्राट नीरोचा, इ.स. 67 मध्ये. आजच्या स्पर्धा शासनाच्या व समित्यांच्या मंजुरीने भरतात, म्हणून त्या पुढेही ढकलता येतात: लुसोफोनिया 2013 च्या नोव्हेंबरातून जानेवारीत गेली, टोकियोची ऑलिंपिक 2021 मध्ये झाली आणि गोव्याला मिळालेली राष्ट्रीय क्रीडास्पर्धा वर्षानुवर्षे लांबून अखेर 26 ऑक्टोबर 2023 रोजी सुरू झाली.