वेदनेवर प्रकाशाचा उतारा

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या परिसरात वसलेल्या रिसालीसारख्या वस्तीत 'लेसर' हा शब्द उच्चारला, की पोलादाचा पत्रा सहज कापणारा प्रखर किरण डोळ्यांपुढे येतो. त्याच जातीचा किरण दुखऱ्या खांद्यावर धरला आणि त्वचेला ऊबही जाणवली नाही, तर त्याने गुण येईल यावर कष्टकऱ्याचा विश्वास कसा बसावा? शंका रास्त आहे. तिचे उत्तर किरणाच्या नावात नसून त्याच्या मात्रेत आहे.

थिओडोर मेमन यांनी 1960 मध्ये माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर सिद्ध केला. त्यानंतर 1967 च्या सुमारास बुडापेस्ट येथील डॉ. एन्द्रे मेस्टर यांनी, या किरणाने कर्करोग होतो काय हे पाहण्यासाठी, केस काढलेल्या उंदरांच्या पाठीवर मंद लेसर टाकला. कर्करोग तर झाला नाहीच. उलट किरण पडलेल्या जागी केस लवकर उगवले. पुढे त्यांनी माणसाच्या न भरणाऱ्या जखमांवर हा उपाय करून पाहिला.

या उपचारात बहुधा अर्ध्या वॅटहून कमी शक्तीचा लाल अथवा अवरक्त किरण वापरतात. पेशींना ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका हा प्रकाश शोषून घेतात, त्यामुळे ऊर्जानिर्मितीस चालना मिळते आणि दाह ओसरू लागतो, असे शास्त्रज्ञ मानतात. मात्र प्रकाश थोडा पडला तर परिणाम होत नाही आणि अधिक झाला तर लाभ नाहीसा होतो. भट्टीच्या तावाप्रमाणे येथेही मापाला महत्त्व आहे.

या उपचाराची उपयुक्तता सर्वांत स्पष्टपणे दिसली ती कर्करोगाच्या रुग्णांत. तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार चालू असता तोंड सोलवटते, घास गिळवत नाही, आणि कधी कधी मूळ उपचारच मध्ये थांबवावे लागतात. मंद लेसरमुळे या व्रणांची तीव्रता व वेदना कमी होतात, असे मणिपाल येथील संशोधकांना आढळले. त्यांचा अहवाल 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनीही अशा ठरावीक रुग्णांसाठी त्याची शिफारस केली आहे. तंबाखूच्या व्यसनाने तोंडाचा कर्करोग जडलेल्यांची संख्या ज्या देशात मोठी आहे, तेथे ही गोष्ट लहान नव्हे.

मान, गुडघा व कंबर यांच्या दुखण्यांविषयी मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. काही चाचण्यांत आराम दिसला, काहींत नाही. म्हणून व्यायाम व औषध यांच्या जोडीला लेसर घ्यावा, त्यांच्याऐवजी नव्हे.

उपचारापूर्वी रुग्णाने तीन गोष्टी विचाराव्यात: दुखण्याचे निदान झाले आहे काय, मात्रा कशी ठरविली, आणि डोळ्यांच्या रक्षणासाठी चष्मा आहे काय. कर्करोगाची गाठ असेल, तर तज्ज्ञाच्या संमतीवाचून तीवर किरण टाकू देऊ नये. आणि दुखण्याबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल किंवा हातपाय बधिर होत असतील, तर लेसरच्या केंद्राकडे न वळता आधी रुग्णालय गाठावे.