मोजणी आणि नमुनादर : यूएसबी डाटा-संकलन यंत्राचा परिचय

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची व्हीआरडीई ही वाहनविषयक प्रयोगशाळा असून, केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली वाहनांची चाचणी घेण्याचा अधिकार असलेल्या देशातील मोजक्या संस्थांत तिचा समावेश होतो. वाहनाच्या चाचणीत, मग ती कुठेही होवो, दोन प्रकारचे संकेत टिपावे लागतात: तापमान, दाब, कंपन यांचे सलग बदलणारे व्होल्टेज आणि फिरत्या दंडावरील दातेरी चक्रातून निघणारे सुटे स्पंद. संगणकाला यूएसबी केबलने जोडले जाणारे छोटे डाटा-संकलन यंत्र हे दोन्ही स्वीकारते. मात्र त्यांचे मार्ग वेगळे आहेत आणि ते ओळखण्यातच मोजमापाची विश्वासार्हता आहे.

सलग संकेताचे दर सेकंदाला जितके नमुने घेतले जातात तो नमुनादर होय. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सच्या यूएसबी-६००९ या यंत्राचा कमाल दर ४८,००० आहे. परंतु तो सर्व वाहिन्यांना मिळून असल्याने आठही वाहिन्या वापरल्यास प्रत्येकीच्या वाट्याला ६,००० नमुने येतात. संकेतातील सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून हा दर अधिक नसेल, तर मूळ संकेताऐवजी भलतीच मंद लहर नोंदली जाते. ६० दात्यांचे चक्र मिनिटाला १,५०० फेरे घेत असता सेकंदाला १,५०० स्पंद निघतात. ते सेकंदाला १,४०० नमुन्यांनी टिपल्यास १०० स्पंदांचा, म्हणजे अवघ्या १०० फेऱ्यांचा आभास होतो आणि अशी नोंद मागाहून कोणत्याही गणिताने खात्रीने दुरुस्त करता येत नाही.

म्हणून स्पंदांसाठी काउंटर असतो. यूएसबी-६००९ मधील ३२ बिटांचा काउंटर संकेताची प्रत्येक उतरती कडा स्वतः मोजतो, त्यामुळे नमुनादराची मर्यादा त्याला लागू नाही. तरीही तो केवळ बेरीज ठेवतो, वेळ संगणकाला पाहावी लागते. एक दशांश सेकंदाने बेरीज वाचताना संगणकाला एक मिलिसेकंद उशीर झाला, तरी एक टक्क्याची, म्हणजे वरील उदाहरणात मिनिटाला १५ फेऱ्यांची चूक होते. शिवाय एका स्पंदाचा फरक तेवढ्या अवधीत १० फेऱ्यांएवढा ठरतो. यूएसबी-६२१० चा काउंटर मात्र दोन स्पंदांमधील अंतर ८० मेगाहर्ट्झच्या घड्याळाने मोजू शकतो. त्याच उदाहरणात त्या अंतरात सुमारे ५३,३३३ ठोके बसतात, म्हणून एका ठोक्याची चूक नगण्य राहते. अर्थात दातेरी चक्राचे स्पंद टिपणाऱ्या चुंबकीय संवेदकाचा कच्चा संकेत थेट काउंटरला देणे चूकच. आधी तो स्वच्छ चौरस स्पंदांत बदलावा लागतो, अन्यथा गोंगाटाचेही स्पंद मोजले जातात.

लोणी, कोपरगाव, संगमनेर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी असे यंत्र घेताना केवळ कमाल नमुनादर न पाहता काउंटर नेमके काय मोजतो, हेही माहितीपत्रकात वाचावे.