कोलेस्टेरॉलची गोळी आणि दुखणारे अंग

सांगलीच्या हळद बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाला किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या कामगाराला ‘अंग दुखतं का?’ असे विचारले तर तो हसेल. अंग दुखत नाही असा दिवस त्याच्या वाट्याला येतो कधी? म्हणूनच कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांमुळे क्वचित होणारी स्नायूंची इजा आपल्या घरांत चटकन ध्यानात येत नाही. सगळे दुखणे कामाच्या खात्यावर मांडले जाते आणि मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून माणूस पुन्हा कामावर जातो.

हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना आणि मधुमेहाच्या पुष्कळ रुग्णांना डॉक्टर ही गोळी लिहून देतात. पट्टीवर कंपनीने दिलेले नाव ठळक असते. खरे नाव त्याखाली बारीक अक्षरांत असते : अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन वगैरे. शेवटी ‘स्टॅटिन’ आले की ती हीच गोळी. घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलीकडून ते वाचून घ्यावे.

जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी सहा हजारांवर बुरश्या आणि सूक्ष्म जीव तपासून १९७३ साली या जातीचे पहिले द्रव्य शोधून काढले, तेही तांदळावरच्या निळसर बुरशीतून! यकृत जिथे कोलेस्टेरॉल तयार करते, तिथलेच एक काम हे औषध रोखते. १९८७ पासून अमेरिकेत अशी गोळी विक्रीस आली आणि त्यानंतर जगभर लाखो माणसांचे झटके टळले, हे आधी मान्य केले पाहिजे.

पण दुसरी बाजूही घडलेली आहे. बायर कंपनीची सेरिव्हास्टॅटिन ही गोळी ऑगस्ट २००१ मध्ये बाजारातून मागे घ्यावी लागली. स्नायू विरघळून त्यातले द्रव्य रक्तात उतरले, त्याने मूत्रपिंडे निकामी झाली आणि एकट्या अमेरिकेत ३१ मृत्यूंची नोंद झाली. त्यांपैकी १२ जण जेमफायब्रोझिल हे चरबी कमी करणारे दुसरे औषधही घेत होते. आज मिळणाऱ्या गोळ्यांत असा भयंकर प्रकार फारच विरळा, दहा हजारांत एखादा किंवा त्याहूनही कमी. तरी खुणा माहीत असाव्यात.

कामाचे दुखणे बहुधा ज्या खांद्यावर ओझे, त्या खांद्याचे असते. गोळीचे दुखणे बहुतेक वेळा दोन्ही मांड्यांत, दोन्ही पोटऱ्यांत किंवा दोन्ही खांद्यांत सारखेच येते आणि गोळी सुरू झाल्यावर किंवा तिची मात्रा वाढवल्यावर काही आठवड्या-महिन्यांत येते. सुट्टीच्या दिवशीही ते हटत नाही. त्यात अशक्तपणा आला, उकिडवे बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठवेना, तर डॉक्टरांना दाखवावे. आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी सातारा, सांगली किंवा मिरज, जे जवळ असेल तिथले सरकारी रुग्णालय गाठावे. अशा वेळी डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी घेतली तर मूत्रपिंडावर आणखी भार पडतो.

डॉक्टर सीपीके नावाची रक्ततपासणी सांगतील. इथे आपल्या लोकांनी एक गोष्ट न विसरता सांगायची : जड काम केल्यानेही सीपीके वाढते. पोती उचलून आलेल्याने त्याच दिवशी रक्त दिले तर आकडा उगाच मोठा दिसेल. दोन-तीन दिवस जड काम टाळून तपासणी केलेली बरी. अर्थात रोजंदारीवाल्याला हे सांगणे सोपे, करणे अवघड. लघवी काळपट असेल तर मात्र थांबायचे नाही.

हे वाचून कोणी उद्यापासून गोळी बंद करील, तर ते त्याहून वाईट. लंडनमध्ये ज्यांनी त्रासामुळे ही गोळी सोडली होती अशा ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली गेली आणि काही महिने काहीच दिले नाही. २०२० मध्ये निष्कर्ष आला : खऱ्या गोळीने जो त्रास होई, त्यातला ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही होत होता! भीतीही अंग दुखवते. झटका येऊन गेलेल्या माणसाने मनाने गोळी सोडली तर दुसऱ्या झटक्याचा धोका वाढतो. खरोखर गोळीचाच त्रास असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा दुसरी स्टॅटिन देऊन पाहतात, आणि बहुतेकांना ती सोसते.

वय झालेल्या, किडक्या अंगाच्या, थायरॉइड किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या आणि रोज दारू पिणाऱ्या माणसाला धोका अधिक. आणखी एक. घामात राबणाऱ्यांना गजकर्ण फार होते, त्यावर इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल दिल्या जातात. खोकल्या-तापाला कधी क्लॅरिथ्रोमायसिन मिळते. या दोन्ही औषधांनी काही स्टॅटिन रक्तात साचत जातात. तेव्हा त्वचेच्या डॉक्टरकडे जातानाही कोलेस्टेरॉलच्या गोळीची पट्टी खिशात असू द्या.