लघुपटाचा जमाखर्च

सन 1912. धुंडिराज गोविंद फाळके यांनी आपल्या आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून लंडनचा प्रवास केला, चित्रपटनिर्मितीचे तंत्र समजून घेतले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मिळविला. मुंबईस परतल्यावर मात्र मोठ्या चित्रपटासाठी भांडवल उरले नव्हते. धनिकांस शब्दांनी पटविण्याऐवजी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा रोखून महिन्याहून अधिक काळ रोपाच्या वाढीची चित्रे टिपली. ‘अंकुराची वाढ’ हा तो जेमतेम मिनिटभराचा पट. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे हे कर्जाऊ रक्कम देण्यास तयार झाले. 3 मे 1913 रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी प्रदर्शित झाला.

पेढीवर बसणाऱ्यास या घटनेचे मर्म चटकन उमगावे. फाळके यांना तो मिनिटभराचा पट विकायचा नव्हता. तो मालाचा नमुना होता. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत यंत्रे बदलली. लघुपटाचे हे स्थान मात्र फारसे बदललेले नाही.

आज व्यापारी घरातील मुलगा किंवा मुलगी शिक्षण संपवून ‘मला एक लघुपट करायचा आहे’ असे सांगते, तेव्हा वडिलांचा पहिला प्रश्न असतो, “यातून परत किती येणार?” प्रश्न गैर नाही. त्याचे प्रामाणिक उत्तर असे, की रोख रकमेत बहुधा काहीही येणार नाही. पंधरा मिनिटांच्या चित्रपटाला तिकीट काढून येणारा प्रेक्षक सहसा नसतो. हे उत्तर घरात आरंभीच स्पष्टपणे दिले गेले नाही, तर पुढे पैशापेक्षा मने अधिक खर्ची पडतात.

खर्चाची दोन पाने

लघुपटाच्या खतावणीला दोन पाने असतात. पहिले पान निर्मितीचे. कॅमेरा व दिव्यांचे भाडे, ध्वनिमुद्रण, कलावंत व तंत्रज्ञांचे मानधन, भोजन-प्रवास, जागेचे भाडे आणि नंतरचे संकलन, ध्वनिमिश्रण व रंगसंस्करण ही त्यावरील नावे. नवखे दिग्दर्शक चित्रावर सढळ हाताने खर्च करतात आणि ध्वनीवर काटकसर करतात. परंतु अंधूक चित्र प्रेक्षक एकवेळ सहन करतो. अस्पष्ट संवाद तो सहन करीत नाही.

याच पानावर परवान्यांचा रकाना असावा. पार्श्वभूमीला रेडिओवर चित्रपटगीताचा तुकडा वाजत असला, तरी त्याच्या हक्कधारकांची लेखी संमती लागते. कथेत बैल, कुत्रा वा कोंबडी दिसणार असेल, तर भारतीय पशु कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणापूर्वीच घ्यावी लागते. जीवदयेचा वारसा सांगणाऱ्या घरांना हा नियम जाचक वाटू नये. आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांसाठी प्रवेशिका पाठवायची, तर सेन्सॉर प्रमाणपत्र आवश्यक ठरते. ते ज्या वर्षी मिळाले, त्याच वर्षाच्या पुरस्कारांसाठी चित्रपट विचारात घेतला जातो.

दुसरे पान प्रवासाचे. बहुतेकांकडून ते कोरेच राहते. चित्रपट तयार होईपर्यंत तिजोरी रिकामी झालेली असते आणि तेवढ्यात कळते, की खरे काम आता सुरू व्हायचे आहे. इंग्रजी उपशीर्षके, चित्रपटगृहातील प्रोजेक्टरवर चालणारी डीसीपी नावाची डिजिटल प्रत, भित्तिपत्रक, छायाचित्रे आणि प्रवेशशुल्क, या प्रत्येकासाठी पैसे लागतात. ‘फिल्मफ्रीवे’सारख्या संकेतस्थळांमुळे घरबसल्या जगभर प्रवेशिका पाठविता येतात. पण समजा तीस महोत्सव निवडले आणि सरासरी शुल्क दीड हजार रुपये धरले, तर केवळ या एका बाबीपोटी 45,000 रुपये जातात. नकार आला तरी ते परत मिळत नाहीत. म्हणून हे पान चित्रीकरणाचा पहिला दिवस उजाडण्यापूर्वीच भरलेले असावे.

महोत्सवांची बाजारपेठ

प्रत्येक बाजारपेठेचे नियम वेगळे असतात. कानच्या लघुपट स्पर्धेत पंधरा मिनिटांहून मोठा चित्रपट चालत नाही. बर्लिनमध्ये मर्यादा तीस मिनिटांची, तर ऑस्करच्या लघुपट विभागात चाळीस मिनिटांची. एका मिनिटाच्या मोहापायी एक दार कायमचे बंद होऊ शकते. फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथील महोत्सव लघुपटांसाठीच भरतो आणि तेथे लघुपटांची खरेदी-विक्रीही होते. जर्मनीतील ओबरहाउझेनचा लघुपट महोत्सव 1954 पासूनचा. आपल्याकडे 1990 पासून मुंबईत माहितीपट, लघुपट व ॲनिमेशनपटांचा ‘मिफ’ आणि 2008 पासून तिरुवनंतपुरम येथे केरळचा महोत्सव भरत आला आहे.

येथे क्रमाला मोठे महत्त्व असते. अनेक मोठे महोत्सव आधी कोठेही न दाखविलेला चित्रपट मागतात. उत्साहाच्या भरात लघुपट यूट्यूबवर टाकला आणि नातलगांच्या गटांत फिरविला, की त्यांतील कित्येक महोत्सवांसाठी तो बाद ठरतो. म्हणून आधी मोठ्या दारांवर थाप मारावी, उत्तराची वाट पाहावी आणि मगच लहान महोत्सवांकडे वळावे. यात वर्ष-सव्वा वर्ष सहज जाते. तेवढा काळ आप्तांच्या ‘झाला का चित्रपट?’ या प्रश्नाला हसून उत्तर देण्याची तयारी हवी.

या बाजारातही खोटी नाणी आहेत. दरमहा ‘आंतरराष्ट्रीय पुरस्कार’ वाटणाऱ्या काही स्पर्धा केवळ संगणकावर भरतात. शुल्क भरणाऱ्या बहुतेकांना तेथे कसले ना कसले प्रशस्तिपत्र मिळते आणि चषक हवा असल्यास त्याची किंमत निराळी असते. अनोळखी पेढीला उधारी देण्यापूर्वी चौकशी करावी, तशीच येथेही करावी. प्रदर्शन खरोखर सभागृहात होते काय? परीक्षक कोण आहेत? गतवर्षी कोणते चित्रपट दाखविले गेले? उत्तरे मिळाली नाहीत, तर पैसे पाठवू नयेत.

जमेची बाजू

मग जमेच्या बाजूस काय येते? येते ती पत. चैतन्य ताम्हाणे यांनी 2010 मध्ये दार्जिलिंगच्या चहाच्या मळ्याच्या पार्श्वभूमीवर ‘सिक्स स्ट्रँड्स’ हा लघुपट केला. तो परदेशांतील महोत्सवांत दाखविला गेला. पुढे मोठ्या चित्रपटाची कल्पना त्यांच्या मनात होती, परंतु घर चालवून लिहिणे कठीण होते. तेव्हा त्यांच्या नाटकात पूर्वी काम केलेले अभिनेते विवेक गोम्बर यांनी, निवांत लिहिता यावे म्हणून, दरमहा 15,000 रुपये देऊ केले आणि पुढे निर्मितीही केली. तो चित्रपट म्हणजे ‘कोर्ट’. 2014 मध्ये व्हेनिस येथे त्यास दोन पुरस्कार मिळाले आणि पुढील वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

आनंद गांधी यांचेही असेच. ‘राइट हिअर राइट नाउ’ आणि ‘कंटिन्यूअम’ या लघुपटांनंतर त्यांनी ‘शिप ऑफ थिसियस’ केला. प्राण्यांवर चाचणी केलेली औषधे स्वतःच्या दुर्धर आजारातही नाकारणारा त्यातील साधू मैत्रेय जैन वाचकांस जवळचा वाटेल. 2012 मध्ये टोरांटो येथे दाखविल्या गेलेल्या या चित्रपटाचे निर्माते सोहम शाह हे श्रीगंगानगरहून आलेले, बांधकाम व्यवसायातील गृहस्थ. त्यांनी त्यात भूमिकाही केली.

लघुपट करणाऱ्या प्रत्येकास असे यश लाभत नाही. बहुतेकांना लाभत नाहीच. म्हणून घरात सुरुवातीसच ठरवावे, की रक्कम किती आणि ती देणगी आहे की कर्ज. एकदा ठरलेली रक्कम वाढवू नये. हक्क कोणाच्या नावे राहतील, हे कागदावर लिहावे. सहकाऱ्यांशी, मग ते मित्र असले तरी, करार करावेत. या शिस्तीतून मुलाला जे शिक्षण मिळते, ते लघुपट फसला तरी पेढीच्या कामी येते. ‘परत किती येणार?’ हा प्रश्न वडिलांनी जरूर विचारावा. पण त्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा, “दुसऱ्या पानासाठी किती बाजूला ठेवलेस?”