१०८ चा फोन कुठे वाजतो?

सायरन ऐकला की आपण गाडी बाजूला घेतो. पण पेशंट आत असताना ॲम्ब्युलन्स आणि रुग्णालय यांच्यात काय बोलणं चालतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्यातूनच काही गैरसमज घट्ट झाले आहेत.

गैरसमज : कोल्हापुरातून ॲम्ब्युलन्ससाठी १०८ लावला की फोन थेट सीपीआर रुग्णालयात वाजतो.

वस्तुस्थिती : तो वाजतो पुण्यात, औंधच्या नियंत्रण कक्षात. २०१४ पासून राज्यभरातले कॉल तिथेच घेतले जातात आणि जीपीएसवर पाहून जवळची मोकळी गाडी पाठवली जाते. म्हणूनच ‘शिरोलीत अपघात झालाय’ एवढ्यावर भागत नाही. पुलाची शिरोली हातकणंगले तालुक्यात, तर शिरोली दुमाला करवीरमध्ये. नुसतं ‘बावडा’ म्हटलं, तर कसबा बावडा की गगनबावडा? एक शहरात आणि दुसरा घाटमाथ्यावर! कोल्हापूरकराला जे न सांगता कळतं, ते पुण्यात बसलेल्या माणसाला सांगावंच लागतं.

गैरसमज : ॲम्ब्युलन्स म्हणजे स्ट्रेचर असलेली गाडी. उपचार रुग्णालयात गेल्यावरच सुरू होतात.

वस्तुस्थिती : १०८ सेवा राज्यात सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी. त्यांतल्या २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या आणि ७०४ बेसिक लाइफ सपोर्टच्या. चालकासोबत डॉक्टर असावा, अशीच या सेवेची रचना आहे. उपचार गाडीतच सुरू होतात, म्हणून तर पुढच्या रुग्णालयाला सांगण्यासारखं काही असतं.

गैरसमज : ‘सिरियस पेशंट आणतोय’ एवढं कळवलं की झालं.

वस्तुस्थिती : त्यातून रुग्णालयाला काहीच कळत नाही. चांगला निरोप साधारण असा असतो : ‘पुरुष, वय अंदाजे ४०. दुचाकी घसरली, हेल्मेट नव्हतं. डोक्याला मार, अर्धवट शुद्धीत. बीपी ९० बाय ६०, नाडी १२०. मानेला कॉलर लावली आहे, ऑक्सिजन आणि सलाइन चालू. १५ मिनिटांत पोचतो.’ अर्ध्या मिनिटाचं बोलणं. पण तेवढ्यावर सर्जनला बोलावता येतं, सीटी स्कॅनचं टेबल मोकळं ठेवता येतं, रक्तपेढीला सांगता येतं. ऐकणाऱ्याने आकडे पुन्हा म्हणून दाखवायचे, म्हणजे चूक तिथल्या तिथे सापडते. व्हेंटिलेटर शिल्लक नसेल, तर तेही दारात पोचण्याआधीच कळतं आणि गाडी दुसरीकडे वळवता येते.

गैरसमज : मोबाइल आल्यावर वायरलेसचं काम संपलं.

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या मायामीत १९६७ मध्ये पेशंटचा ईसीजी रेडिओवरून रुग्णालयात पाठवला गेला. त्या काळी रेडिओशिवाय पर्याय नव्हता. आज रोजची कामं मोबाइलवर होतात, हे खरंच. पण ऑगस्ट २०१९ चा कोल्हापूरचा महापूर आठवा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, अनेक भागांत वीज गेली, मोबाइल लागेनात. अशा वेळी दोन वायरलेस सेट टॉवरशिवायही एकमेकांशी बोलू शकतात. शिवाय एकाने बोललेलं चॅनलवरच्या सगळ्यांना एकदम ऐकू जातं, दहा ठिकाणी दहा फोन करावे लागत नाहीत.

गैरसमज : मग प्रत्येक गाडीत वायरलेस बसवला की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : वायरलेसच्या व्हीएचएफ लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की आवाज तुटतो. करूळ किंवा आंबा घाटात नुसत्या सेटने भागत नाही. उंचावर रिपीटर लागतो आणि त्यालाही वीज लागतेच. अशी यंत्रणा चालवायला केंद्र सरकारचा परवाना लागतो. एका वेळी एकानेच बोलायचं, ही शिस्तही हवी. आणि ऐकणारे अनेक असल्याने पेशंटचं नाव चॅनलवर घ्यायचं नसतं. म्हणून मोबाइल आणि वायरलेस दोन्ही हवेत. एक रोजच्यासाठी, दुसरा पहिला बंद पडेल त्या दिवसासाठी.

यंत्रणा कुठलीही असो, साखळीतला पहिला निरोप तुमचा असतो. १०८ मोफत आहे. जिल्हा, तालुका, गाव आणि जवळची ठळक खूण सांगा. जखमी किती, शुद्धीवर आहेत का, श्वास चालू आहे का, हे सांगा. समोरचा ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नका आणि नंतर तोच नंबर मोकळा ठेवा. गाडीतून पुन्हा फोन येतो, तो त्याच नंबरवर.